अर्धविराम: एक छोटा इतिहास

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. परभणीच्या आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी संगणकशाळेतून थेट मराठी विभागात आली. हातात सी भाषेतल्या अकरा ओळींच्या प्रोग्रामची वही होती. टर्बो सीचा कंपायलर सातव्या ओळीवर बोट ठेवून ‘स्टेटमेंट मिसिंग’ म्हणत होता. तिने सातवी ओळ चारदा पुसून पुन्हा लिहिली होती. ती निर्दोषच होती. सहावीच्या अखेरीस अर्धविराम राहिला होता. “सर, मग सहावी का नाही सांगत?” या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही.

सीमध्ये ओळ संपल्याने वाक्य संपत नाही. कंपायलरच्या लेखी ओळबदल म्हणजे केवळ मोकळी जागा. सहावी अपुरी आहे हे त्याला कळते ते सातवीचा पहिला शब्द वाचल्यावर, आणि तक्रार तिथेच नोंदली जाते. सीची आजी म्हणावी अशी मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल भाषा ओळीच्या शेवटचा अर्धविराम गाळू देई. केन थॉम्पसन यांची बी आणि तिच्यातून १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये घडवलेली सी, या दोघींनी ती सवलत काढून घेतली.

गंमत अशी की, मराठीलाही हे चिन्ह उशिराच मिळाले. मोडीत शब्दसुद्धा तोडत नसत. वाचणाराच अर्थाच्या आधाराने थांबे. विरामचिन्हे रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींच्या खटपटीने. पेशवे दफ्तरातला कारकून जे समजून घेई, ते यंत्र घेत नाही.

मात्र यंत्राची बोलण्याची रीत बदलली. २०१८च्या जीसीसी ८पासून हरवलेल्या अर्धविरामाची खूण आधीच्या ओळीच्या टोकाशीच उमटते. उलट अन्यत्र कडकपणा वाढला. हेडर न जोडता फंक्शन वापरणे १९९९च्या प्रमाणसंहितेने अमान्य केले. जीसीसी तरीही इशाऱ्यावर भागवत असे. २०२४च्या जीसीसी १४ने ती सरळ चूक ठरवली. त्यामुळे त्या काळच्या वह्यांतले कितीतरी ‘बरोबर’ प्रोग्राम आज अडतात.

तिच्या वहीत पहिल्या ओळीवर हेडर होते. सहावीला अर्धविराम देताच प्रोग्राम चालला.