भिवंडीचे मोहल्ले आणि ठाण्याची पायरी

गणपती जवळ आले की ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. आपल्या नानाखेड्याच्या मंडळींना हा प्रकार नवा नाही. चहा होतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो आणि सगळे घरी जातात. अशा बैठकांचे भिवंडीत एकदा काहीतरी निराळे झाले, त्याची ही हकिकत.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तेथे दंगल पेटली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या तपासावरच पक्षपाताचा ठपका ठेवला होता. मग तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढायची कोणी?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. समित्या पूर्वीही होत्या. पण त्यांत पुढारी बसत, आणि त्या जमत तणाव निर्माण झाल्यावर. खोपडे यांनी समिती मोहल्ल्यात नेली. त्यात हिंदू-मुसलमान दोन्हींकडचे साधे रहिवासी घेतले आणि साध्या शिपायालाही त्याचा मोहल्ला नेमून दिला. मला यातले हे शेवटचेच महत्त्वाचे वाटते. अधिकारी बदलून जातो, शिपाई रोज दिसतो. बैठकीत मोठमोठ्या ऐक्याच्या गोष्टींपेक्षा शेजाऱ्यांच्या लहानसहान कुरबुरी निघत आणि तेथेच मिटत. दोन्ही बाजूंचे शिक्षण होत होते ते असे: लोकांना कायदा कळे, शिपायाला माणसे कळत.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली. दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

मुंबईने हा धडा उशिरा गिरवला. आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तेथेही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पुढे वस्त्यांतली पोरे आणि पोलीस क्रिकेटही खेळू लागले. पोरांना भाषणापेक्षा ते अधिक मानवले असणार!

पण असे काम एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली, दोन पोलीसही मारले गेले. वाद होता कब्रस्तानालगतच्या जागेचा. तेथे नवे पोलीस ठाणे बांधायचे होते.