दोन सर्व्हरवरचे फोल्डर एकसारखे ठेवणारं आरसिंक

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी बदलापूरमध्ये घराघरांत शिरलं होतं. मी राहतो शेजारी, अंबरनाथ पश्चिमेला. त्यामुळे बॅकअपचा सर्व्हर मूळ सर्व्हरच्याच इमारतीत ठेवणं मला पटत नाही. पण तो लांब ठेवला, तर रोज सगळ्या फाईल पाठवायच्या का?

नाही. त्यासाठी आरसिंक आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं. फाईलची साइझ आणि बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी असेल, तर आरसिंक तिला हातच लावत नाही. खरी गंमत बदललेल्या फाईलची. घेणारा सर्व्हर आपल्याकडच्या जुन्या फाईलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा चेकसम पाठवतो. पाठवणारा नव्या फाईलवर एकेक बाइट सरकत तेच तुकडे शोधतो आणि जे सापडत नाही तेवढंच पाठवतो. म्हणून सुरुवातीला चार अक्षरं घुसवली, तरी पुढचा मजकूर परत जात नाही. (झिप फाईलमध्ये मात्र हा फायदा बहुतेक वेळा मिळत नाही.)

'डिलीट' हा पर्याय जपून वापरा. मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते बॅकअपमधूनही उडतं. मूळ डिस्क माउंटच झाली नसेल, तर तिथे दिसतं रिकामं फोल्डर, आणि बॅकअपही रिकामा होतो. माझा झालाय एकदा, रात्री दोन वाजता. तेव्हापासून आधी 'ड्राय रन' चालवतो. त्यात काय काय उडणार याची नुसती यादी दिसते, फाईल जागच्या जागी राहतात.