पांढरे सोने आणि तुरीचे तास

अकोल्याकडच्या आमच्या शेतात आजोबा पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास धरीत आणि एका तुकड्यात ज्वारी पेरीत. कापसाला भाव असताना ही जागा कशाला अडवायची, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "पऱ्हाटीची भाकर होत नाही, बापू."

गुंतवणुकीचे शास्त्र हेच वेगळ्या भाषेत सांगते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली ते गणितात मांडले. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे, की एकेका वस्तूची जोखीम सुटी मोजून भागत नाही. त्या एकमेकींबरोबर किती चढतात-उतरतात, हे पाहावे लागते.

याचा धडा आपल्या कापसाने नव्वद वर्षे आधीच दिला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस आटला. १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली असलेल्या वऱ्हाडातल्या अमरावती-खामगावच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत बँकांच्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. ज्याच्याजवळ कापसाच्या गाठी, बँकेचा शेअर आणि बॅकबेचा शेअर होता, त्याला वाटे, आपण पैसा तीन ठिकाणी वाटला आहे. खरे तर तिन्हींचा आधार एकच होता : युद्ध चालू राहणे. एप्रिल १८६५ मध्ये सेनापती ली शरण आला आणि तिन्ही एकदम कोसळली. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायचे होते. कित्येक पेढ्या बुडाल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

मग आजोबांची रीत पूर्ण सुरक्षित होती का? नाही. १८९९ मध्ये पावसाने दगा दिला, तेव्हा वऱ्हाडात कापूस आणि ज्वारी दोन्ही गेली. भाव पडला तर ज्वारी तारते. पाऊसच गेला तर शेतातले काहीच तारत नाही. त्या जोखमीवरचा उपाय शेताबाहेर शोधावा लागतो : धान्याचे पेव, विहीर, विमा.

आज आमच्या त्याच शेतात कपाशी आणि सोयाबीन आहे. दोन्ही विकायचीच पिके, दोन्ही एकाच पावसावर. सातबाऱ्यावर ती दोन दिसतात. ज्वारीचा तुकडा मात्र आता नाही.