अजून किती शिकणार?

गेल्या रविवारी फोनवर मी नातीला विचारू नये ते विचारलं. "अगं, अजून किती वर्षं शिकणार?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, तू सुद्धा?" आणि फोन तिच्या आईच्या हातात गेला. मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

नात अमेरिकेत एमडी-पीएचडी करते. वय २७, हे पाचवं वर्ष. तिच्याबरोबर आत शिरलेली मुलं मागच्या मे महिन्यात डॉक्टर होऊन बाहेर पडली. ही अजून प्रयोगशाळेतच. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा मलाही नीट सांगता येत नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. कुठलीही व्यवस्था अशी का, हे समजायचं तर ती कधी आणि कोणत्या अडचणीतून आली ते बघा, असं मुलांना सांगत असे. म्हटलं, आता आपणच गृहपाठ करू या.

आधी एक घोळ दूर करते. आपल्याकडे एमबीबीएस आधी, एमडी नंतर. अमेरिकेत एमडी हीच डॉक्टरकीची पहिली पदवी, आणि ती चार वर्षांचं कॉलेज झाल्यावर. या एमडीच्या पोटात पीएचडी बसवलेली असते. पहिली दीड-दोन वर्षं इतर विद्यार्थ्यांबरोबर शरीररचना, रोग, औषधं वगैरे. सुट्टीत दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून आपला गुरू निवडायचा. मग वैद्यकाचा अभ्यास बाजूला ठेवून तीन ते पाच वर्षं संशोधन आणि प्रबंध. तो झाला की पुन्हा पांढरा कोट चढवून सुमारे दोन वर्षं वॉर्डात. सरासरी आठ वर्षं होतात. मधल्या काळात रुग्ण तपासायची सवय मोडू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी अधूनमधून दवाखान्यातही बसवतात. आणि हे सगळं झाल्यावर रेसिडेन्सी आहेच, तीन वर्षं किंवा जास्त!

हे सुरू झालं १९५६ साली, क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात. पुढे १९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, तीन वैद्यकीय महाविद्यालयांना यासाठी पैसा दिला: न्यूयॉर्कमधली आइन्स्टाइन आणि एनवाययू, आणि शिकागोकडचं नॉर्थवेस्टर्न. आज असे कार्यक्रम पन्नासहून अधिक आहेत. यातली मेख फीमध्ये आहे. तिथे डॉक्टर होणारा मुलगा कर्जात बुडून बाहेर पडतो, आणि डोक्यावर कर्ज असलेला माणूस दवाखाना थाटणार, उंदरांवर प्रयोग करत बसणार नाही. म्हणून या मुलांची फी माफ, वर महिन्याच्या खर्चाला विद्यावेतन. आमच्या नातीचंही तसंच आहे.

वेस्टर्न रिझर्व्हच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एक होता फरीद मुराद. अल्बेनियातून आलेल्या, खाणावळ चालवणाऱ्या माणसाचा मुलगा. १९५८ मध्ये आत गेला, १९६५ मध्ये दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडला. सात वर्षं! त्याचे गुरू अर्ल सदरलँड. शरीरातले निरोप पेशीच्या आत कसे पोचतात, याचा शोध घेणारे. त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. तिथे शिकलेलं मुरादांनी पुढे एका जुन्या औषधाला लावून पाहिलं. ते औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन.

इथे मी वाचता वाचता थांबले. आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम सॉर्बिट्रेटची पट्टी असायची. छातीत कळ आली की गोळी जिभेखाली. धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासायची माझी सवय त्या पट्टीमुळे लागली, ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी हात अजून खिशात जातो. सॉर्बिट्रेट त्याच नायट्रेट घराण्यातली. विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरने १८७९ मध्ये हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीन चालतं असं लिहिलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टर ते देत राहिले, पण ते आत जाऊन नेमकं काय करतं ते कळलं नव्हतं. १९७७ मध्ये मुरादांनी दाखवलं की त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. १९९८ चं नोबेल त्यांना फर्चगॉट आणि इग्नारो यांच्याबरोबर मिळालं.

आता खरं तेच सांगायचं तर फर्चगॉट आणि इग्नारो हे काही वैद्यकीय डॉक्टर नव्हते. उलट कोलेस्टेरॉलच्या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळवणारे ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्याकडे पीएचडी नव्हती. मग दोन पदव्यांचा अट्टहास कशाला? याचंही उत्तर इतिहासातच सापडलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण डॉक्टरांना सक्तीने लष्करात जावं लागे. त्याऐवजी एनआयएचमध्ये काम करायची वाट होती, आणि तिथे निवड होण्यासाठी हुशार मुलांची रांग लागे. ब्राउन आणि गोल्डस्टाइन तिथेच संशोधन शिकले. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि ती रांगही ओसरली. १९७९ मध्ये वाइनगार्डन यांनी लिहिलं की रुग्णांवर संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जमात आहे. युद्धामुळे आपसूक घडत होतं ते आता ठरवून घडवायला हवं होतं. एमडी-पीएचडीची गरज अशी वाढत गेली.

किंमत मात्र मोठी आहे. स्वतःच्या नावावर पहिलं मोठं संशोधन-अनुदान मिळेपर्यंत यातल्या बहुतेकांची चाळिशी उलटलेली असते. लग्न, मूलबाळ, सगळं त्या आठ वर्षांत कसंबसं बसवायचं. पोरी या वाटेला जाताना काय काय बाजूला ठेवत असतील, हे मी विचारात घेतलंच नव्हतं.

बुधवारी मीच फोन लावला. आजोबांच्या गोळीची गोष्ट सांगितली. तिला मुराद माहीत होते, आजोबांच्या खिशातली पट्टी माहीत नव्हती. मग मी विचारलं, "तू सध्या नेमकं काय करतेस ते सांग ना." पाऊण तास सांगत होती. चार महिने चाललेला एक प्रयोग फसलाय, तो पुन्हा पहिल्यापासून करायचाय. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी म्हणाली, "आजी, असं आजवर घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं."

मंडळी, तुमच्याही घरात असं कुणी शिकत असेल. किती वर्षं राहिली ते त्याला पाठ असतं. ते सोडून दुसरं काहीतरी विचारा.