केतेवान राणीचे अवशेष, जुने गोवे

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी व तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने संतपद दिलेली हुतात्मा केतेवान (मृ. 1624) हिच्या उजव्या हाताचे मानले जाणारे अस्थिअवशेष. जुने गोवे येथील संत ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत 2004 मध्ये मिळाले. चर्चमधील दफनांची शास्त्रीय तपासणी भारतात फारशी झालेली नाही. अशा तपासणीचे हे ठळक उदाहरण होय.

राणी : बाग्रातिओनी घराण्यातील. काखेतीचा राजा पहिला डेव्हिड याची पत्नी, पहिला तेइमुराझ याची आई. मुलाच्या राज्यावरील संकट टळावे म्हणून इराणच्या शाह अब्बासकडे गेली व सुमारे दहा वर्षे शिराझ येथे नजरकैदेत राहिली. धर्मांतरास नकार दिल्याने सप्टेंबर 1624 मध्ये छळ करून तिला ठार करण्यात आले. शिराझमधील ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले. काही भाग जॉर्जियात पोचला. उजवा हात 1627 मध्ये गोव्यास आणून ऑगस्टिनियन मठात ठेवण्यात आला.

वास्तू : मोंते सांतो टेकडीवरील संत ऑगस्टिन चर्च जांभ्या दगडात बांधलेले असून 1602 मध्ये पूर्ण झाले. लगतचा मठ हे ऑगस्टिनियनांचे पूर्वेकडील प्रमुख ठाणे. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांवर बंदी आणल्यावर 1835 मध्ये मठ ओस पडला. 1842 मध्ये चर्चचे कमानी छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. पुढेही पडझड चालू राहिली. मनोरा मुळात सुमारे 46 मी. उंचीचा होता. त्यातील घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे.

जमिनीत व उपप्रार्थनागृहांत प्रतिष्ठित पोर्तुगिजांची थडगी आहेत. त्यांच्या शिलांवर कुलचिन्हे व लेख कोरलेले दिसतात. धर्मगुरूही याच परिसरात पुरले गेले. शोधाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते. दोनशे वर्षांहून अधिक काळ दफने झालेल्या जागी, त्यातही छत आणि भिंती कोसळून सारे मिसळलेल्या ढिगाऱ्यात, मानवी हाड सापडणे हा ते राणीचे असल्याचा पुरावा नव्हे. ते नेमके कोठे सापडले, यावरच ओळख प्रामुख्याने अवलंबून राहते.

शोध : जॉर्जियन अभ्यासकांच्या विनंतीवरून 1980 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने प्रयत्न सुरू केले. दिशा मिळाली ती पोर्तुगीज कागदपत्रांतून. राणीचे अवशेष असलेली दगडी पेटी मठाच्या सभागृहाला जोडलेल्या प्रार्थनागृहात, एपिसल बाजूच्या दुसऱ्या खिडकीत ठेवली आहे, अशी त्यांत नोंद होती. (एपिसल बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवी.) तथापि ढिगाऱ्याखाली हे प्रार्थनागृह नेमके कोणते, हेच आधी ठरवावे लागले, सुरुवातीच्या खोदकामांना त्यामुळे यश आले नाही. ढिगारा उपसून, भिंतींच्या पायांवरून मठाचा आराखडा जुळवीत सर्वेक्षणाच्या पुरातत्त्वज्ञांनी, त्यांत निजामुद्दीन ताहेर प्रमुख होते, 2004 मध्ये ती जागा निश्चित केली. तेथे हाताचे एक लांब हाड मिळाले.  कागदातील खिडकी जमिनीवर शोधून काढणे हेच यातील अवघड काम होते.

जनुकीय तपासणी : हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात (सीसीएमबी) नीरज राय, के. थंगराज, लालजी सिंग आदींनी हे हाताचे हाड व आणखी दोन हाडे अशा तीन हाडांतील डीएनए वेगळा केला. निष्कर्ष 2014 मध्ये ‘मायटोकॉन्ड्रियन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आईकडूनच संततीकडे येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा गट पाहिला असता, हाताच्या हाडात ‘यू1बी’ हा गट आढळला. भारतीय उपखंडातील 22,000 हून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील 30 पैकी दोघांत होता. उरलेल्या दोन हाडांतील गट मात्र भारतीय उपखंडात आढळणारे निघाले.

या पद्धतीने व्यक्तीची नव्हे, मातृवंशाची ओळख पटते. एकच मायटोकॉन्ड्रियल गट असंख्य लोकांत असू शकतो. म्हणून संशोधकांनी अवशेष ‘बहुधा’ राणीचे आहेत, एवढेच म्हटले व त्यासाठी स्थानाचा आणि कागदपत्रांचा आधार जोडीला घेतला. नंतरच्या समारंभांतील उल्लेखांत ही सावधगिरी राहिलेली नाही.

हस्तांतर : 2017 मध्ये अवशेष सहा महिन्यांसाठी जॉर्जियास पाठवण्यात आले, मुदत नंतर वाढवली गेली. अवशेषांचा एक भाग परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जुलै 2021 मध्ये तिबिलिसी येथे जॉर्जियास भेट दिला.

कला व साहित्य : तेइमुराझने आईच्या हौतात्म्यावर काव्य रचले, जर्मन नाटककार आंद्रेआस ग्रिफिउस याने शोकनाट्य लिहिले.

जुने गोवे येथील चर्चसमूहाचा 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला असून संत ऑगस्टिन चर्चचे अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.