इंद्रायणीकाठचा ‘अभंग’

आपल्या लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूला जाते. त्यामुळे तुकोबा आपल्याला घरचेच. सोसायटीच्या एकादशीच्या भजनात ‘आधी बीज एकले’ झाल्याशिवाय कुणी उठत नाही. पण गंमत अशी, की हा अभंग तुकोबांच्या गाथेत शोधूनही सापडायचा नाही!

तो लिहिला शांताराम आठवले यांनी, ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी. संगीत केशवराव भोळे यांचे, आवाज विष्णुपंत पागनीसांचा. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आठवल्यांची भाषा तुकोबांच्या वळणात इतकी मुरलेली, की जाणकारही फसले. जुने गायक मला पुष्कळ आवडतात, पण पागनीसांचा साधा, आर्जवी सूर विरळाच. तानांचा थाट नाही. शब्द थेट काळजाला भिडतो.

कवीचं नाव विसरून गाणं लोकांचं व्हावं, हेच त्याचं भाग्य, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यानं बी पेरलं, त्याची आठवण नको का? रौप्यमहोत्सवाच्या भजनसंध्येत हे गाणं होईलच. त्याआधी निवेदकांनी आठवल्यांचं नाव आवर्जून घ्यावं, एवढीच विनंती.