भूकंपाचा हिशेब आणि मतांचा हिशेब

नदीकाठच्या गावात पाणी शिरले आणि निवडणूक तोंडावर असली, की पंचनामे लवकर होतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वणा आणि यशोदेच्या काठच्या शेतकऱ्याला विचारा, तो हसून सांगेल. पण मदतीने मते मिळतात का, आणि मिळत असतील तर ती कशाची असतात? इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवतो. तरी या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्या वर्ध्याशी जोडलेले आहे, म्हणून ते इथे मांडतो.

१५ जानेवारी १९३४. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद अगदी जवळ आलेली. दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार हादरला. मुंगेर शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. मुजफ्फरपूर, दरभंगा, मोतिहारी उद्ध्वस्त झाले. जमिनीतून उसळलेल्या वाळूने शेते झाकली, विहिरी बुजल्या. सरकारी आकड्यानुसार एकट्या बिहारमध्ये सात हजारांहून जास्त माणसे गेली.

त्या वेळी काँग्रेसवर बंदी होती. राजेंद्रप्रसाद कैदेत होते. भूकंपानंतर दोनच दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि त्यांनी बिहार केंद्रीय मदत समिती उभी केली. देशभरातून पैसा येऊ लागला. एकीकडे व्हाइसरॉयचा निधी आणि दुसरीकडे नुकत्याच सुटलेल्या कैद्याचा निधी, अशी ती स्थिती होती. लोक कोणावर विश्वास ठेवतात, हे मतदानाआधीच दिसू लागले होते.

इथे वर्धा येते. जमनालाल बजाज बिहारला गेले. पैशाचा कारभार चोख असावा म्हणून जे. सी. कुमारप्पा यांना बोलावण्यात आले. हे लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांनी स्वयंसेवकाच्या जेवणाचा खर्च दिवसाला ३ आणे ठरवून दिला. पुढे गांधीजी आपल्या सोबत्यांसह पाटण्याला आले, तेव्हा त्यांच्या मंडळींचा जादा खर्च मदतनिधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी सांगितले. गांधीजींनी कारण विचारले, ऐकले आणि मान्य केले. त्यांच्या नावावर लाखो रुपये जमत होते, पण तो पैसा त्यांचा नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत होती, आणि अमानतीत थोरामोठ्यांना सूट नसते.

आता राजकारण पाहा. ज्या सरकारशी लढा चालू होता, त्याच सरकारला मदतकार्यात सहकार्य देण्याचा ठराव गांधीजींनी या समितीत मांडला. एप्रिलमध्ये पाटण्याहूनच त्यांनी सविनय कायदेभंग थांबवत असल्याचे निवेदन काढले. डॉ. अन्सारी आणि त्यांचे सहकारी निवडणूक लढवण्याचा विचार घेऊन त्यांना भेटले ते पाटण्यातच. मे महिन्यात अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठकही तिथेच भरली आणि कायदेमंडळात जाण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबरच्या केंद्रीय निवडणुकीत काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरली. त्याआधी ऑक्टोबरात राजेंद्रप्रसाद मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष झाले होते.

हे यश भूकंपामुळे मिळाले, असे म्हणणे चूक ठरेल. पण बंदी आणि तुरुंगवासाने विस्कटलेले कार्यकर्ते पुन्हा गावोगाव पोचले ते मदतकार्यामुळे, एवढे नक्की म्हणता येते.

या कथेचा एक धागा आपल्या वाचनात फारसा येत नाही. मौलाना सज्जाद यांची इमारत-ए-शरिया ही संस्थाही त्या भूकंपात मदतीला उतरली होती. १९३६ मध्ये मौलानांनी मुस्लिम इंडिपेंडंट पार्टी काढली. १९३७ च्या निवडणुकीत बिहारच्या मुस्लिम जागांवर हाच सर्वात मोठा पक्ष ठरला, आणि मुस्लिम लीगला तिथे एकही जागा मिळाली नाही. काँग्रेसने सुरुवातीला सत्ता नाकारली, तेव्हा याच पक्षाचे बॅरिस्टर मोहम्मद युनूस काही महिने बिहारचे पहिले पंतप्रधान होते. लोकांनी धर्माच्या नावावरच मत दिले असते, तर हा निकाल लागला नसता. लोकांमध्ये राहून केलेले काम त्यांना आठवत होते.

मात्र काम केले की मत मिळतेच, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथे पोचले. त्यांच्या कामाची आजही वाखाणणी होते. तरी १९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि खुद्द लातूरमध्ये विलासराव देशमुख पराभूत झाले. मतदार एकाच गोष्टीचा हिशेब करत नाही. मुंबईच्या दंगली, महागाई, बंडखोरी असे सगळे त्याच्या मनात असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इचलकरंजी भागात वाटलेल्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदारांचे फोटो चिकटवलेले होते. त्यावरून गदारोळ झाला. दोन महिन्यांनी तिथून अपक्ष उमेदवार निवडून आला. कारणे बरीच असतील, पण फोटोने जागा वाचली नाही, हे उघड आहे.

बिहारचे काम आटोपून कुमारप्पा वर्ध्याला आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. मगनवाडी आजही उभी आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने त्या ३ आण्यांची आठवण ठेवावी.

आणि आपणही एक करावे. मदत घेताना संकोच नको, सरकारी मदत आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. पण मत मागायला कोणी आला, की पिशवीवर कोणाचा फोटो होता हे न पाहता, पिशवी कोणाच्या पैशाची होती आणि यादीतून कोणाचे नाव सुटले, एवढे त्याला जरूर विचारावे.